बारा खोल्या, बारा द्रोण

मेडिकलला नंबर लागला त्या दिवशी आमच्या घरी जेवढा आनंद झाला, तेवढंच भांडण दुसऱ्या दिवशी झालं. पोरगी डॉक्टर होणार यावर गावात कुणाचं दुमत नव्हतं. दोन बायांनी तर मला आपल्या गुडघ्यांचं दुखणं सांगूनही टाकलं होतं. घोडं अडलं ते दुसरीकडेच. पोरगी राहणार कुठे?

बाबांचं उत्तर तयार होतं. माझी मावशी बल्लारपूरला राहते, मावसाजी पेपर मिलमध्ये कामाला, आणि तिथून चंद्रपूर म्हणजे घरी प्यालेला चहा पोटात गरम असतानाच पोचावं इतकं जवळ. मावशी तर उतावीळच झाली होती. फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्या मधली जागा मोकळी करून तिने तिथे खाट टाकली आणि खाटेचा फोटो पाठवला. फोटोत खाटेवर तिचं मांजर झोपलेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'तुझी जागा राखून राह्यलं.'

मला मावशी आवडते, मांजरही आवडतं. पण मला हॉस्टेल हवं होतं, आणि का हवं होतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. सहावीपासून बारावीपर्यंत मी आश्रमशाळेत राहिले. एक लांबलचक हॉल, साठ मुली, साठ पत्र्याच्या पेट्या. एकीला खोकला आला की साठजणी जाग्या व्हायच्या. दाराला आतून कडी नव्हती, कारण साठजणींनी कडी लावून करायचं काय? घरी आलं तर आमच्या घराला बांबूची ताटी, ती फक्त कुत्र्यांना कळावी म्हणून. न्हाणीला पोत्याचा पडदा. म्हणजे एवढी घोडी झाले तरी मी आयुष्यात एकदाही दार आतून लावून बसले नव्हते. हॉस्टेलमध्ये दोघींना एक खोली मिळते आणि खोलीला आतून कडी असते, हे मला एका सिनियर मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शरीरशास्त्र, हाडं, दवाखाना, लोकांची सेवा वगैरे सगळं बरोबर आहे, पण मी त्या आठवड्यात देवाकडे मागत होते ती कडी.

शेवटी बाबा म्हणाले, "दादा म्हनल तसं." आणि प्रकरण मोठेबाबांच्या दरबारात गेलं.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि आमच्या गावचे भूमिया. गावात कुणाला घर बांधायचं असेल तर गवंडी नंतर, आधी मोठेबाबा. ते संध्याकाळी त्या जागेवर हातभर जमीन सारवतात, तांदळाचे दाणे दोन-दोनच्या जोडीने मांडतात आणि वर पानांचा द्रोण उपडा घालतात. सकाळी द्रोण उचलायचा. जोड्या जशाच्या तशा असल्या तर जागेने माणसाला हो म्हटलं. दाणे विस्कटले किंवा मुंग्यांनी नेले तर जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे, आपण दुसरीकडे जायचं. यात वशिला चालत नाही. स्वतः मोठेबाबांच्या घराच्या जागेला तीनदा नकार आला होता आणि त्यांनी एक अख्खा पावसाळा बैलांच्या शेजारी काढला होता. मोठीआई अजून त्यावरून त्यांना टोमणे मारते.

मोठेबाबांनी माझं म्हणणं ऐकलं, बाबांचं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "जागा पाह्यल्याबिगर मी कसा सांगू? चाला, पाहून येऊ."

मार्कंड्याच्या जत्रेपलीकडे कधी न गेलेला माणूस अशा रीतीने माझ्याबरोबर चंद्रपूरला निघाला. चामोर्शीला बस बदलली. माझी पेटी, तांदळाचं पोतं, चटणीची बरणी, आणि मोठीआईने बांधून दिलेली पळसाच्या द्रोणांची चळत. रस्त्यात जेवायला, असं मी समजले. मी तेव्हा इतकी आनंदात होते की मोठेबाबांनी सोबत हत्ती घेतला असता तरी मी तिकीट काढलं असतं.

कॉलेजात आधी कागदपत्रांची रांग झाली. मग मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमनी सगळ्या पालकांना समोर बसवून नियम सांगितले. दुसऱ्या मजल्यावरच्या बारा खोल्या पहिल्या वर्षासाठी. चोवीस मुली. आज खोल्या उघड्या आहेत, काय बघायचं ते बघून घ्या. उद्या दहा वाजता मार्कांच्या यादीप्रमाणे एकेकीचं नाव घेऊ. नाव आलं की खोली सांगायची, सही करायची, चावी घ्यायची. मग बदल नाही.

यादीत माझा नंबर तेविसावा होता. माझ्याखाली एकच मुलगी होती, बल्लारपूरची. तिचे वडील गाद्या भरून विकायचे, आणि ते मुलीसाठी नवीकोरी गादी खांद्यावर घेऊनच आले होते. वर येऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वितीने पलंग मोजला. मग म्हणाले, "दो बोट जादा है. निकाल देंगे." मुलगी मेल्याहून मेल्यासारखी होऊन भिंतीकडे बघत होती. ती मला तिथल्या तिथे आवडली.

मी खोल्या बघत सुटले. एक नंबरची खोली न्हाणीघराला लागून, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या बादल्यांची वरात तिच्या दारावरून जाणार. मधल्या खोल्या ठीक. आणि टोकाला बारा नंबर! दोन खिडक्या, एकीतून सागाची झाडं दिसत होती, वारा आरपार. मी दार लोटलं आणि कडी लावून पाहिली. खट. इतका सुंदर आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. काढली, पुन्हा लावली. मग ओढणी पलंगावर टाकली आणि नाचले. खरंच नाचले, दोन्ही हात वर करून, गावच्या लग्नात नाचतात तशी.

बाहेरून बाबा दार वाजवत होते. "काय झालं वो? पडलीस का?"

"नाई बाबा, पाहून राह्यली."

दार उघडल्यावर बाबांनी आत नजर फिरवली आणि म्हणाले, "हे खोली तर पयलीच पोरगी घेऊन जाईल." ते खरंच होतं. माझ्यापुढे बावीस जणी होत्या. पण मनात मांडे खायला कुणाचं काय जातं? मी पलंगसुद्धा ठरवून ठेवला, खिडकीकडचा.

या सगळ्यात मोठेबाबा कुठे होते, ते माझ्या लक्षातच आलं नाही. जाताना जिन्यापाशी भेटले. धोतराला ओले हात पुसत होते. "कशी वाटली जागा?" मी विचारलं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

मला वाटलं, विचार करून सांगणार असतील. रात्री आम्ही मावशीकडे मुक्काम केला आणि त्या खाटेवर मांजराने मला जागा दिली नाही, एवढं सांगून तो भाग सोडून देते.

सकाळी साडेनऊला हॉस्टेलवर पोचलो तर जिन्यात हीऽऽ गर्दी. एक मुलगी रडत होती आणि तिची आई तिला पदराखाली घेऊन तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. एक गृहस्थ मोबाईलवर चित्रण करत होते. मी घुसून वर गेले. पहिल्याच खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात, फरशीवर एक पळसाचा द्रोण उपडा. दुसऱ्या खोलीत दुसरा. तिसऱ्या खोलीत तिसरा. बारा खोल्यांत बारा द्रोण.

मोठीआईने रस्त्यात जेवायला दिलेल्या द्रोणांत आम्ही जेवलोच नव्हतो. जेवण तर डब्यात होतं.

"कोणीतरी करणी केली," एक बाई सांगत होत्या. "खाली तांदूळ आहेत. मी काडीने उचलून बघितलं." कुणी म्हणालं, लिंबू ओवाळा. कुणी म्हणालं, पोलिसांना फोन करा. यादीत पहिल्या असलेल्या मुलीचे वडील स्वतः डॉक्टर होते, तेही तीन हात लांब उभे राहून म्हणत होते, "माझा विश्वास नाही अशा गोष्टींवर. पण हात लावू नका."

आणि या गर्दीतून, चपला हातात घेऊन, अगदी निवांत, मोठेबाबा जिना चढत होते. निकाल बघायला. मी त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या, डोळे वटारले, मान हलवली. त्यांना वाटलं मी जोहार करते आहे. त्यांनीही हात जोडले.

दहा वाजले आणि सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं. मोठेबाबा तेवढे वर राहिले. रेक्टर मॅडमनी पहिलं नाव घेतलं. मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, मला खाली कुठेही द्या. स्टोअररूम दिली तरी चालेल." दुसरीची आई म्हणाली, "आम्ही बाहेर खोली बघतो." तिसरी नुसतीच रडली.

मी शेवटच्या रांगेत बसून होते आणि माझं डोकं भराभरा चालत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, कुणी माझ्याकडे बघितलं की कान गरम व्हायचे. पण त्याच कानांत दुसरं काहीतरी वाजत होतं. या सगळ्या अशाच नाही म्हणत गेल्या, तर बारा नंबर माझी! मी फक्त गप्प बसायचं. अर्धा तास. दोन खिडक्या, सागाची झाडं, खट. खरं सांगते, मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मला त्यात काही वाईटही वाटत नव्हतं.

मग रेक्टर मॅडम वैतागून म्हणाल्या, "असल्या अडाणी माणसांना काल आत सोडलं कुणी?"

माझ्या नाकावर राग लहानपणापासूनच. पण हा वेगळा होता, तो पायांतून वर आला. मी उभी राहिले तेव्हा मला माहीतही नव्हतं की मी उभी राहिले आहे.

"माझे मोठेबाबा आहेत ते," मी म्हणाले. आवाज असा चिरका निघाला की पुढच्या दोन रांगा दचकल्या. "करणी नाही ती. आमच्या गावी जागा पाहायची रीत आहे. जागा माणसाला मानवेल का, ते विचारतात. आणि त्यांनी एकट्या माझ्यासाठी नाही विचारलं. बाराच्या बारा खोल्यांसाठी विचारलं. तुमच्या मुलींसाठी पण."

ते शेवटचं वाक्य बोलताना ते खरं आहे, हे मला तिथेच, बोलता बोलता कळलं. मोठेबाबांना फक्त माझीच खोली बघायची असती तर त्यांनी मला विचारलं असतं, कोणती हवी. बाबा खाली मान घालून बसले होते. आता आपली पेटी आणि आपण गेटबाहेर, असं मी धरून चालले.

तेवढ्यात गादीवाले चाचा उठले. कडेवर बाळ घ्यावं तशी गादी सावरत त्यांनी विचारलं, "तो बेटा, क्या निकला? कौनसी अच्छी है?"

झालं. चोवीस घरांच्या माना माझ्याकडून वळल्या त्या सरळ जिन्याकडे. मोठेबाबा बारा द्रोण एकात एक घालून खाली उतरत होते. एवढे लोक आपल्याकडे का बघत आहेत, हा प्रश्न त्यांना पडला नाही. गावात जागेचा निकाल ऐकायला माणसं जमतातच.

"सांगू का?" त्यांनी विचारलं.

"सांगा," रेक्टर मॅडमच म्हणाल्या.

"एक नंबर, जोड्या जशाच्या तशा. अव्वल जागा. चार, सा, सात, बढिया. नऊमधी एक दाना सरकला, पन चालते, तिथी थोडी भांडनं होतीन. बाकी बऱ्या." मग ते थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बारामधी एकबी दाना नाई. मुंग्यायनं नेला."

पुढच्या पाऊण तासात मी जे पाहिलं, ते आठवून मला अजून एकटीला हसू येतं. पहिल्या मुलीच्या डॉक्टर वडिलांनी उठून न्हाणीघराशेजारची एक नंबरची खोली घेतली. "पाण्याची सोय जवळ आहे," ते म्हणाले. स्टोअररूम मागणारी त्यांची लेक टुणकन उडी मारून सही करायला गेली. दुसरीही त्याच खोलीत. मग चार, मग सहा, मग सात. करणीवाल्या बाई मोठेबाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आपल्या नागपूरच्या फ्लॅटची दिशा सांगू लागल्या. एक काकू मुलीच्या लग्नाचं विचारत होत्या. मोठेबाबा प्रत्येकीला एकच सांगत होते, "मले फक्त जागा समजते, बाई. बाकी काई समजत नाई." रेक्टर मॅडमनी त्यांना स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "बाबा, मी मघाशी बोलून गेले." ते म्हणाले, "काऊन वो, एवढ्या पोरी सांभाळायच्या म्हनल्यावर मानूस बोलनारच." नऊ नंबरवाल्या दोघी तर सही करतानाच कोण कुठे झोपणार यावरून भांडल्या, आणि हॉलभर मोठेबाबांचं वजन आणखी वाढलं.

एकेक खोली संपत गेली. बावीस नावं झाली तेव्हा यादीत उरल्या दोघी, मी आणि गादीवाल्या चाचांची मुलगी. आणि उरली होती एकच खोली. दोन खिडक्या, दोन पलंग, जशीच्या तशी.

माझं नाव आलं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन! मी टेबलाकडे जवळजवळ उडतच गेले. "बारा," मी म्हणाले. "बारा, बारा."

बाबांनी माझा हात धरला. "बारा नाई. दादा काय म्हनला, आयकलं नाई का?"

"पन बाबा, दुसरी नाईच ना!"

"मंग बल्लारपूर." आणि त्यांनी माझी पेटी उचलली.

बाबा हट्टी नाहीत. पण मोठ्या भावाचा शब्द त्यांनी कधी ओलांडला नव्हता. शिवाय मला एकटीला सोडून जायची भीती त्यांना निकालाच्या दिवसापासून होती, आणि आता त्या भीतीला मुंग्यांचा आधार मिळाला होता. रेक्टर मॅडमनी सांगून पाहिलं, खोली हवेशीर आहे, स्वच्छ आहे. बाबा नुसते मान हलवत राहिले. मघाशी सगळ्यांसमोर मोठेबाबांची बाजू घेतलेली मी, त्याच सगळ्यांसमोर त्यांच्यावर तुटून पडले.

"मुंगीले काय समजते?" मी ओरडले. "मुंगी कुठीबी जाते! सात वर्सं मी साठ पोरींमधी झोपली, तवा कोनं तांदूळ ठेवले होते? मले एक दार पायजे होतं. लावायले. बस. तुमाले काय माहीत!"

मोठेबाबांना आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. त्यांचा चहा हातात तसाच राहिला. मी रडायला लागले, आणि मला रडताना बघून गादीवाल्याची मुलगीही रडायला लागली. तिचंही तसंच होतं. बारामध्ये एकटीला सोडायला तिच्या घरचे तयार नव्हते, मग रोज गाडीने बल्लारपूरहून येणं-जाणं. रेक्टर मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "आधी सगळे जेवून घ्या. मी दोन वाजेपर्यंत चावी ठेवते."

त्या दिवशी पालकांनाही मेसमध्ये जेवण होतं. वरण, भात, वांग्याची भाजी. मी ताटाकडे बघितलंही नाही. मोठेबाबा समोर बसले होते. ते भराभर जेवणारे, पण त्या दिवशी भाताचे एकेक शीत बघत बसल्यासारखे जेवत होते. मग ताट अर्धवट टाकून उठले, हात न धुताच, आणि रेक्टर मॅडमकडे गेले.

"बाई, त्या बारामधी मले आनखी एक डाव पाहू द्या. कोपरा बदलून पाहता येते आमच्यात."

ते येतं. गावातही एका कोपऱ्याने नाही म्हटलं तर दुसरा कोपरा विचारायची मुभा आहे. आम्ही सगळे वर गेलो. मोठेबाबा एक द्रोण घेऊन आत शिरले, आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, आणि दार लोटून त्यांनी आतून कडी लावली. खट.

आम्ही बाहेर उभे. मी, बाबा, ती मुलगी, चाचा आणि गादी. चाचांनी एकदा गादी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. दहा मिनिटांनी कडी निघाली.

"या," मोठेबाबा बाबांना आणि मला म्हणाले. "घरचेच या पयले."

खोलीच्या मधोमध द्रोण उपडा होता. बाबा म्हणाले, "पन दादा, रात जाऊ द्या लागते ना?"

"गावात रात लागते," मोठेबाबा म्हणाले. "इथी लाईट हाय, पंखा हाय. सगळंच लवकर होते."

त्यांनी द्रोण उचलला. तीन जोड्या. अगदी चिकटून, एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसलेल्या. मला ओरडावंसं वाटलं. मी खाली वाकले, आणि तशीच वाकलेली राहिले.

दाणे चांगले फुगलेले होते. पांढरेशुभ्र, मऊ. त्यांतल्या एकाला वरणाचा पिवळा डाग होता.

मी मान वर करून मोठेबाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर सागाच्या झाडांकडे बघत होते, आणि त्यांचे कान माझ्या कानांसारखेच लाल झाले होते. चाळीस वर्षं या माणसाने जागेला विचारलं होतं आणि जागेने जे सांगितलं तेच लोकांना सांगितलं होतं. आता बाबा वाकतील, मला वाटलं, आणि सगळं संपेल. जन्मभर धान पिकवलेल्या माणसाला तांदूळ आणि भात यांतला फरक दहा हातांवरून कळतो.

बाबा वाकले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी ते सहा दाणे बघितले. बराच वेळ बघितले. मग सरळ झाले.

"जोड्या हायेत, दादा," ते म्हणाले.

"हायेत ना?"

"हायेत."

अळीमिळी गुपचिळी. तिघांपैकी कुणीही तिघांपैकी कुणाकडे बघितलं नाही. बाबांनी माझी पेटी खिडकीकडच्या पलंगाखाली सरकवली. दारातून चाचांनी डोकं आत घातलं, "क्या निकला, भाऊ?" आणि ते खोलीत पाऊल टाकणार, तेवढ्यात मोठेबाबांनी खाली वाकून सहाच्या सहा दाणे उचलले आणि तोंडात टाकले.

"कच्चे ही खा गये?" चाचा बघतच राहिले.

"आमच्यात असंच असते," मोठेबाबा म्हणाले.

चाचांची गादी पलंगावर पडली. मुलीने दोन बोटं जास्त असलेली कड मुठीने आत दाबली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. मी मोठेबाबांच्या पाया पडले. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले, "मुंग्यायले कोपऱ्यात रोज थोडी साखर टाकत जाय. जागा त्याह्यची हाय. मी मांगून घेतली तुह्यासाठी."

मी मान डोलावली आणि सही करायला खाली पळाले, दोन वाजायला अजून दहा मिनिटं होती.